वीस टॅबलेट मागितले होते, आली बॅटरी

मागच्या आठवड्यात शेजारच्या केंद्रातल्या (केंद्र म्हणजे आसपासच्या शाळांचा गट) एका नवीन मॅडमचा फोन आला, म्हणाल्या ताई तुमच्या शाळेत टीव्ही, इन्व्हर्टर सगळं आलंय म्हणे, कुणी दिलं, तेवढा नंबर द्या ना. नंबर देऊन टाकला, त्यात लपवायचं काय. पण फोन ठेवला आणि लक्षात आलं की हा नंबर माझ्याकडे तीन वर्षांपूर्वी असता तरी मला काहीच मिळालं नसतं, कारण तेव्हा मला मागताच येत नव्हतं. म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते, लांबेल जरा.

शाळा अकोले तालुक्यातली, डोंगरातली वाडी, जिल्हा परिषदेची, पहिली ते पाचवी, पट ४१. द्विशिक्षकी. मी आणि गुरुजी, मुख्याध्यापकाचा चार्ज गुरुजींकडे. मी अकोल्याहून अप-डाऊन करते. रेंज फक्त मारुतीच्या पारावर, तीपण एकाच कंपनीची, आणि पाराच्या डाव्या कोपऱ्यात उभं राहिलं तरच. पावसाळ्यात आमच्याकडे पाऊस पडत नाही, तो राहायलाच येतो, जूनला आला की भाताची आवणी उरकून सप्टेंबरपर्यंत हलत नाही. लाईट त्याच्या उलट.

शाळेत एक लोखंडी कपाट आहे. त्यात वरच्या कप्प्यात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला प्रोजेक्टर. मी बदलीनं इथं आले तेव्हा पहिल्याच दिवशी उघडून पाहिला तर केबलमध्ये उंदरानं घर केलेलं. त्याची हकीकत गुरुजींनी सांगितली. २२ जून २०१५ ला प्रगत शैक्षणिक महाराष्ट्रचा जीआर निघाला, त्यानंतर राज्यभर डिजिटल शाळांची लाटच आली. शहापूर तालुक्यातली पष्टेपाड्याची शाळा बघायला राज्यभरातून शिक्षक जात होते, लोकवर्गणीतून शाळा डिजिटल करायची असं वारंच सुटलं होतं. आमच्या वाडीनंही वर्गणी काढली, कुणी शंभर दिले कुणी पाचशे, एकानं बोकड विकून दोन हजार दिले म्हणतात (हे मला तिघांनी सांगितलं आणि तिघांच्या सांगण्यात बोकड वेगळ्या माणसाचा होता). प्रोजेक्टर आला, अँड्रॉइड बॉक्स आला, दीड वर्ष चालला. मग आधी बॉक्स जळाला आणि नंतर प्रोजेक्टरचा लॅम्प गेला. लॅम्पची किंमत ऐकून कुणी पुन्हा विषय काढला नाही. डेडस्टॉक रजिस्टरला (शाळेच्या टिकाऊ वस्तूंची नोंदवही) मात्र तो आजही 'चालू स्थितीत' आहे.

तर २०२२ च्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या डोक्यात भूत शिरलं की आपण टॅबलेट मिळवायचे. सगळ्या ग्रुपवर फोटो यायचे ना, मुलांच्या हातात टॅब, मागं बॅनर, साहेबांचा हात टॅबवर. मला कुणीतरी सांगितलं सीएसआरला, म्हणजे कंपन्यांच्या समाजकार्याच्या निधीला, अर्ज करा, कंपन्यांना पैसा खर्च करायलाच लागतो, त्या मागणाऱ्यांची वाटच बघत असतात. मी घाटापलीकडच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीचा मेल शोधला आणि चार पानी अर्ज लिहिला. त्यातली भाषा आज वाचली की माझी मलाच लाज वाटते. 'दुर्गम आदिवासी भागातील चिमुकल्यांच्या पंखांना बळ देण्यासाठी' असं सुरू होत होतं ते, आणि शेवटी 'वीस टॅबलेट मिळावेत ही नम्र विनंती'. वीस का? कारण वीस हा आकडा बरा दिसत होता. दुसरं काही कारण नाही, खरं सांगते.

तीन महिन्यांनी फोन आला. एक तरुण पोरगा होता, बोलायला नीट होता. त्यानं तीन प्रश्न विचारले. मॅडम, टॅब चार्ज कुठे करणार? आत्ता वर्गात तुम्ही काय वापरता? आणि त्यानं मुलांच्यात काय फरक पडला? पहिल्याला मी म्हटलं लाईट आहे की, तर तो म्हणाला किती तास असते. मला सांगता येईना. दुसऱ्याला म्हटलं काहीच नाही हो, म्हणून तर मागतोय. तिसरा मग त्यानं विचारलाच नाही असं म्हटलं तरी चालेल, विचारला पण उत्तराची वाट नाही बघितली. शेवटी म्हणाला आमचा प्लांट ज्या भागात आहे तिथल्या शाळांना आम्ही आधी देतो.

दोन दिवस मी चिडलेली होते. घरी सगळ्यांना सांगत सुटले की यांना नुसते फोटो पाहिजेत. तर आमचे हे म्हणाले, "अगं तो विचारतोय ते बरोबरच आहे की. तू त्याच्या जागी असतीस तर दिले असतेस का?" त्याचा तर आणखीनच राग आला.

राग गेल्यावर मी तो कायदा काय आहे ते बघितलं. २०१३ चा कंपनी कायदा, कलम १३५. ज्या कंपनीची नेटवर्थ ५०० कोटी किंवा उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी किंवा त्याहून जास्त, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करायचा असतो. आणि कंपनी जिथं काम करते त्या भागाला प्राधान्य द्यायचं हे त्या कायद्यातच लिहिलंय. म्हणजे तो पोरगा मला टाळत नव्हता, मीच चुकीच्या दारात उभी होते. आणि एक गोष्ट, कंपनी स्वतः वस्तू विकत घेऊन देऊ शकते, पण एखाद्या ट्रस्टमार्फत द्यायचं असेल तर त्या ट्रस्टचं सीएसआर-१ रजिस्ट्रेशन लागतं, एप्रिल २०२१ पासून. आपल्याकडे कुणीही येऊन म्हणतं आमची संस्था आहे, आम्ही तुम्हाला सीएसआर मिळवून देतो, फक्त प्रोसेसिंगचे पाच हजार भरा. अशा दोघांना मी नंतर हाच प्रश्न विचारला, सीएसआर-१ आहे का म्हणून, दोघांचेही फोन परत आले नाहीत.

मग मी ठरवलं की वर्षभर कुणाकडे काही मागायचं नाही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी तयार करू, आत्ता काय वापरता त्याचं. माझा फोन होता, आणि भाच्याचा जुना लॅपटॉप, बॅटरी दोन तास धरायची, एक बिजागरी तुटलेली म्हणून मागे पाटी टेकवून उभा करायचा. एवढ्यावर सुरुवात.

फुकट काय काय आहे हे मला माहीत होतं असं मला वाटायचं. दीक्षा हे सरकारी शिक्षणाचं ॲप प्रत्येक शिक्षकाच्या फोनमध्ये असतं, ट्रेनिंगचे कोर्स संपवायला आणि सर्टिफिकेटचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकायला. पण बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून त्या धड्याचा व्हिडिओ आदल्या दिवशी घरी डाऊनलोड करून ठेवला तर वर्गात रेंज नसतानाही चालतो, हे मी इतक्या वर्षांत कधी केलंच नव्हतं. वाडीत कोड स्कॅन करायचा, ते चक्र फिरत राहायचं, मी म्हणायचे आपल्याकडे नाही चालत. घरी वायफाय, शाळेत रेंज नाही, तर रात्री उतरवायचं आणि सकाळी पेनड्राईव्हवर घेऊन जायचं, पाण्याच्या हंड्यासारखं. इतकं साधं होतं ते.

सगळ्यात जास्त उपयोगी पडलं ते स्टोरीवीव्हर, गोष्टींची वेबसाइट. प्रथम बुक्सचं आहे, २०१५ पासून. गोष्टी आहेत हजारोंनी, मराठीतल्यासुद्धा भरपूर, आणि वाचनाच्या पातळीप्रमाणे लावलेल्या, म्हणजे पहिल्या पातळीला पानावर एखादं वाक्य आणि पुढं वाढत जातं. तिथं मोफतचा अर्थ खरंच मोफत आहे, क्रिएटिव्ह कॉमन्स लायसन्स, पीडीएफ उतरवा, छापा, बदला, भाषांतर करा, फक्त मूळ लेखक-चित्रकाराचं नाव ठेवा. मला वाटलं होतं ही कायद्याची भानगड आपल्याला काय करायचीय, पण 'बदला' या शब्दानं आमचा वर्ग बदलला. चौथीतल्या पोरांना मी एक गोष्ट दाखवली आणि म्हटलं ही आपल्या बोलीत लिहायची. दोन दिवस नुसता गोंधळ, 'आजीनं बघितलं' का 'आजीनी पाह्यलं' यावरून भांडणं. मग ती स्वतःच्याच गोष्टी लिहायला लागली. एकीनं काजव्यांची लिहिली, आमच्याकडे भंडारदऱ्याच्या बाजूला पावसाच्या तोंडावर काजवे येतात ना, शहरातून गाड्याच्या गाड्या येतात बघायला. तिच्या गोष्टीत काजवे म्हणतात, ह्या गाड्यांचं लाईट बंद करा, आम्हाला आमचं लाईट दिसंना. ही पोरगी जूनमध्ये जोडाक्षर आलं की थांबायची.

दुसरं फेट. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचं आहे, कार्ल वाइमन नावाच्या नोबेल मिळालेल्या शास्त्रज्ञानं २००२ मध्ये सुरू केलेलं, गणित-विज्ञानाचे हलते प्रयोग, त्यातले कितीतरी मराठीतही आहेत आणि उतरवून घेतले की नेट लागत नाही. अपूर्णांकांचं घेतलं मी पाचवीला. एक अष्टमांश मोठा की एक चतुर्थांश, यावर जवळजवळ सगळा वर्ग अष्टमांश म्हणायचा, आठ मोठे ना चारापेक्षा. फळ्यावर मी भाकऱ्या काढून काढून थकलेले. लॅपटॉपवर एक पोरगा पुढं बसला, गोलाचे भाग वाढवत गेला, दोन, तीन, चार, पाच, आणि प्रत्येक वेळी रंगवलेला तुकडा बारीक होत गेला, तो थांबला, परत मागे आला, परत पुढे गेला. मागे सगळी डोकी. मग म्हणाला, "मॅडम, जास्ती मान्सं आली का भाकर ल्हान व्हती." झालं. मी पुढं काही शिकवलंच नाही त्या दिवशी.

शनिवारी कोलिब्री. ते असं आहे की एका लॅपटॉपवर खान अकॅडमीसारखा कंटेंट आधी उतरवून ठेवायचा आणि मग लॅपटॉपचं हॉटस्पॉट लावलं की आजूबाजूचे फोन ब्राउझरमधून त्याला जोडले जातात, इंटरनेट न लागता. पालकांपैकी तिघांनी शनिवारी सकाळी फोन द्यायला सुरुवात केली. तीन फोन, पोरं चाळीस, भांडणं विचारू नका. आणि लॅपटॉप दोन तासांत झोपायचा. तरी चाललं.

फुकटची एक गंमत सांगते. पोस्टर, कार्डं बनवायचं एक ॲप आहे, शिक्षकांना मोफत, फक्त तुम्ही शिक्षक आहात याचा पुरावा द्या. मी ओळखपत्राचा फोटो टाकला, नामंजूर. परत नीट उजेडात काढून टाकला, नामंजूर. तिसऱ्यांदा नामंजूर झाल्यावर डोक्यात प्रकाश पडला की ओळखपत्र मराठीत आहे, तिकडे ते कोण वाचणार. गुरुजींना म्हटलं शाळेच्या लेटरपॅडवर इंग्रजीत एक दाखला द्या. गुरुजींनी पंचवीस वर्षांत इंग्रजीत दाखला दिला नव्हता, अर्धा तास विचार करून मला म्हणाले तुम्हीच लिहा, मी गोल शिक्का मारतो. शिक्क्यावर मात्र मराठीच, पण त्याच दिवशी मंजूर झालं.

या सगळ्यात मी एक वही घातली. खरं तर कालनिर्णय. वर्गात भिंतीवर लावलेलं, त्यावर शाळेच्या वेळेत लाईट गेली की त्या दिवसावर फुली मारायची, हे काम दुसरीतल्या एका पोरीकडे. ती इतकी काटेकोर की दहा मिनिटं गेली तरी फुली, मी म्हटलं तासभर गेली तर मार, तर म्हणाली मग अर्धी मारते. आणि वहीत दर सोमवारी कोणत्या मुलानं काय वाचलं ते. पहिलीची आठ सोडली तर ३३ मुलं. जूनमध्ये त्यातली ११ जण उतारा न अडखळता वाचत होती, डिसेंबरमध्ये १९. हे काही एकट्या लॅपटॉपचं नाही, गुरुजींचा सकाळचा वाचनाचा तास होता, आणि काही पोरं नुसती मोठी झाली म्हणूनही वाचायला लागतात. पण आकडा तर होता हातात.

आता पुरस्काराचं. शिक्षण परिषदेत केंद्रप्रमुख साहेबांनी वहीचं ऐकलं आणि म्हणाले नवोपक्रमाला टाका हे. पुण्याच्या एससीईआरटीची (राज्याची शिक्षण संशोधन आणि प्रशिक्षण संस्था) नवोपक्रम स्पर्धा असते दरवर्षी, शिक्षकांनी वर्गात केलेल्या नव्या प्रयोगांची. आणि मग नेहमीप्रमाणे डिसले गुरुजींचं उदाहरण. आम्हा झेडपीच्या शिक्षकांना हे उदाहरण आठवड्यातून एकदा ऐकावं लागतं. म्हणजे माणूस मोठाच आहे, सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेतले, २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज, १० लाख डॉलर, त्यातली अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून टाकली. पुस्तकातल्या क्यूआर कोडमागे त्यांचंच नाव घेतात. पण सभागृहात ते उदाहरण अशा सुरात येतं की बघा तो करतो, तुम्ही का नाही. असो.

अहवाल लिहायला तीन आठवडे गेले. शीर्षक, गरज, उद्दिष्टं, कार्यपद्धती, निष्कर्ष, परिशिष्टं. 'गरज' या सदरात मी पहिल्यांदा पंखांना बळ वगैरे लिहिलं आणि खोडलं. त्या कंपनीतल्या पोराचा आवाज कानात होता. मग लिहिलं की पाचवीच्या नऊपैकी आठ मुलांना एक अष्टमांश हा एक चतुर्थांशापेक्षा मोठा वाटतो. बस. परिशिष्टात वहीची पानं, कालनिर्णयचे फोटो, पोरांच्या गोष्टी. पीडीएफ साइजमध्ये बसेना, फोटो बारीक करत करत रात्रीचा एक वाजला.

जिल्ह्यात उत्तेजनार्थ आला. कार्यक्रम दहाचा, पाहुणे दीडला, शाल आणि प्रमाणपत्र, आणि जेवणात मसालेभात संपलेला. परत आल्यावर एका सहकाऱ्यानं (नाव नको) ग्रुपवर नाही पण चहाच्या टपरीवर म्हटलंच, आजकाल काय सगळं पुरस्कारासाठी. मला लागलं ते. पण त्यात थोडं खरं पण आहे, पुरस्कार शिक्षकाला मिळतो, वर्गाला काही मिळत नाही, फळा तोच, लॅपटॉपला पाटी तीच. शिक्षकांचा राष्ट्रीय पुरस्कार असतो, त्यात ५० हजार रुपये आणि रौप्यपदक, स्वतःच ऑनलाइन नामांकन भरता येतं. दिल्लीच्या एनसीईआरटीतल्या सीआयईटी या शैक्षणिक तंत्रज्ञान संस्थेचा आयसीटी पुरस्कार आहे, खास तंत्रज्ञान वापरणाऱ्या शिक्षकांसाठी. दोन्हीचे नियम मी बसून वाचले. भरले नाहीत, आपली पायरी ओळखून. पण त्यात काय काय पुरावे मागतात ते वाचून वहीत दोन रकाने वाढवले. आणि त्या उत्तेजनार्थच्या कागदाचा पुढं एक उपयोग झालाच, तो येतोय.

विद्यांजली पोर्टल केंद्र सरकारचं आहे, सप्टेंबर २०२१ मध्ये नव्यानं सुरू झालं. शाळेनं आपल्या यूडायस नंबरनं (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक) नोंदणी करायची, काय पाहिजे ते टाकायचं, आणि लोक ते बघून वस्तू किंवा सेवा देतात. रोख पैसे नाहीत. नोंदणीचा ओटीपी गुरुजींच्या फोनवर, म्हणजे गुरुजी पारावर, मी लॅपटॉप घेऊन पाराच्या खाली, दरम्यान बकऱ्या. तो अकरा आकडी यूडायस मला आता झोपेत पाठ आहे. पहिल्यांदा मी गरज टाकली 'डिजिटल साहित्य'. तीन महिने काहीच नाही, आणि येणार तरी काय, वाचणाऱ्याला काय कळणार त्यातून. मग बदललं. एक पान, असं:

'शाळेच्या वेळेत जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत ३४ दिवस लाईट नव्हती, नोंद सोबत. लॅपटॉप दोन तास चालतो. कंटेंट आमच्याकडे आहे, तो रोज वापरतो, नोंद सोबत. ४१ मुलं १५ इंची पडद्याभोवती बसतात, मागच्यांना दिसत नाही. हवं: एक इन्व्हर्टर आणि बॅटरी, एक ४३ इंची टीव्ही, एक स्पीकर. टॅबलेट नकोत.' सोबत नवोपक्रमाचं प्रमाणपत्र.

'टॅबलेट नकोत' हे वाक्य गुरुजी काढा म्हणत होते. कुणी दिलेच तर? मी ठेवलं.

पुण्याच्या एका छोट्या ट्रस्टमधल्या काकांचा फोन आला. निवृत्त लोकांचा ट्रस्ट आहे, सात-आठ जण, पेन्शनीतून थोडं थोडं काढतात. काका म्हणाले टॅबलेट नकोत म्हणणारी पहिली शाळा बघितली, म्हणून फोन केला. आणि ते आलेच, ऑगस्टात, एसटीनं, छत्री उलटी होत. मला वाटलं पोरांचं स्वागतगीत बघतील, गुलाबाचं फूल घेतील. काकांची सगळी नोकरी कारखान्यात मेंटेनन्सला गेलेली. आल्या आल्या मीटर बघितला, स्विचबोर्ड उघडला, खिशातून टेस्टर काढला, आणि विचारलं, "ताई, अर्थिंग कुठंय?"

मी गुरुजींकडे बघितलं. गुरुजींनी माझ्याकडे.

अर्थिंग नव्हतंच. इमारत बांधली तेव्हापासून नसावं. काका म्हणाले तुमचा तो बॉक्स बहुतेक यातच जळाला, मी आत्ता टीव्ही दिला तर तोही जाईल. ट्रस्ट इन्व्हर्टर, बॅटरी, टीव्ही, स्पीकर देईल, पण आधी वायरिंग आणि अर्थिंग गावानं करायचं. चहासुद्धा अर्धाच प्यायले, परतीची गाडी होती. आठ वर्षांत आमच्या शाळेला किती साहेब भेटी देऊन गेले, शेरेबुकात 'गुणवत्ता समाधानकारक' लिहून गेले, भिंतीतल्या त्या तीन भोकांच्या पिनकडे कुणी बघितलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

मग ग्रामसभा. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातून करता येईल का म्हणून सरपंचांना भेटले. सरपंच म्हणाले, "मॅडम, रस्त्याची मागणी हाये, पाण्याची हाये, शाळेची वायर कोण मागतंय?" मुद्दा होता त्यांचा. मी ग्रामसभेत लॅपटॉप घेऊन गेले, चार्ज करून, आणि काजव्यांची गोष्ट लिहिणाऱ्या पोरीला ती वाचायला लावली. एक आजी उठल्या, "बाई, पोरान्ला टीवी आणून शिरेली दावायच्या का?" सगळे हसले, मीपण. मी म्हटलं आजी तुम्ही या एक दिवस, नाही पटलं तर मी स्वतः बंद करीन. बचत गटातल्या बायका आजींच्या मागे बसल्या होत्या, त्यांच्यातली एक म्हणाली, माझ्या पोराला वाचाया येतंय आता, करा ठराव. ठराव झाला. पैसे यायला आणखी चार महिने लागले ते वेगळं.

लाईटबिल थकलेलं होतं तेही याच वेळी भरून टाकलं. संयुक्त शाळा अनुदान आमच्या पटाला वर्षाला २५ हजार, ३१ ते १०० पटाच्या शाळेला तेवढंच असतं, त्यातला दहा टक्के स्वच्छतेवर, उरलेल्यात खडूपासून कौलापर्यंत सगळं. गुरुजींनी त्या वर्षी रंगरंगोटी रद्द केली. म्हणाले भिंत काळी राहू दे, उजेड तर येऊ दे. गुरुजी असं कधीतरी बोलतात.

अर्थिंगचा दिवस मला टीव्ही आला त्या दिवसापेक्षा जास्त आठवतो. वायरमननं शाळेमागं खड्डा खणला, खोल, पोरं कडेनं उकिडवी बसलेली. पाइप उभा केला, मग कोळशाचा थर, मग मीठ, परत कोळसा, परत मीठ. जाड्या मिठाचं पोतं बघून तिसरीतला एकजण म्हणाला, "मॅडम, जमिनीला आळणी लागतं का?" वायरमन इतका हसला की हातातलं फावडं सुटलं. मग त्यानंच समजावून सांगितलं, मीठ ओल धरतं, ओल असली की करंट जमिनीत जातो, नाहीतर तुमच्या अंगात जातो. विज्ञानाचा तास तिथंच झाला, खड्ड्याच्या काठावर.

सामान आल्यावर कागद. तीन कोटेशन ट्रस्टनं त्यांच्याकडून घेतली होती, बिल ट्रस्टच्या नावानं, आम्ही पोहोच द्यायची, शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, डेडस्टॉकला नोंद, आणि सहा महिन्यांनी वापराचा अहवाल. मी बॅनरचं विचारलं तर काका म्हणाले बॅनरच्या पैशात डिस्टिल्ड वॉटर आणा. तेव्हा मला डिस्टिल्ड वॉटर बॅटरीत घालायचं असतं हेही माहीत नव्हतं. आता पाचवीच्या दोघांची ड्युटी आहे, महिन्याच्या पहिल्या सोमवारी पातळी बघायची.

सहा महिन्यांच्या अहवालात मी सगळं लिहिलं. पहिला महिना टीव्हीचा आम्ही सिनेमाच केला, मी काहीतरी लावायचे आणि रजिस्टर भरत बसायचे, शासनाची माहिती 'आजच, तात्काळ' द्यायची असायची. वाचनाचा आकडा त्या महिन्यात होता तिथंच राहिला. मग नियम केला, एका वेळी दहा मिनिटं, त्यानंतर बंद आणि वहीत लिहायचं. रिमोट एकदा हरवला, तांदळाच्या पिंपात सापडला, पोषण आहाराच्या मावशींनी हाक मारली तेव्हा कळलं. हे लिहू का नको असं झालं होतं, पण काकांनी तो अहवाल त्यांच्या मीटिंगमध्ये वाचून दाखवला म्हणे, आणि विचारलं, पुढं काय पाहिजे. मी म्हटलं दोन पेनड्राईव्ह, चौसष्ट जीबीचे. टॅबलेटचा विषय मी अजून काढलेला नाही. कधी काढीन, तेव्हा किती आणि कशासाठी ते माझ्याकडे लिहिलेलं असेल.

आजी आल्या होत्या एकदा, कबूल केल्याप्रमाणे. मागे भिंतीला टेकून बसल्या, नातीनं टीव्हीवर आलेली गोष्ट मोठ्यानं वाचली. जाताना काही म्हणाल्या नाहीत, शेंगा देऊन गेल्या.

प्रोजेक्टरचं निर्लेखन, म्हणजे रजिस्टरमधून नाव कमी करणं, मात्र अजून व्हायचंय. प्रस्ताव दोनदा दिला, दुसऱ्यांदा परत आला तेव्हा वर शेरा होता, वस्तू चालू स्थितीत असल्याने कारण स्पष्ट करावे.

तर त्या नवीन मॅडमना मी रात्री परत फोन केला. म्हटलं काकांना लगेच फोन करू नका, आधी वर्गात कॅलेंडर आहे का बघा, त्यावर लाईटच्या फुल्या मारायला कुणाला तरी बसवा, आणि पिनमध्ये अर्थिंग आहे का ते वायरमनला विचारा. त्यांना वाटलं असेल ही बाई नंबर देऊन आता मागे ओढतेय. काल त्यांचा फोटो आला व्हॉट्सॲपवर, भिंतीवरचं कॅलेंडर, आठ दिवसांत पाच फुल्या, एक अर्धी. मी लिहिलं, महिना भरू द्या.